तपासणी झाली, पण उपचार संपले का?

आजचा विषय जड आहे, पण टाळण्यासारखा नाही. लैंगिक अत्याचार झालेलं मूल दवाखान्यात येतं, तपासणी होते, नमुने प्रयोगशाळेत जातात. आणि मग? त्या ‘मग’बद्दल आज आपण बोलणार आहोत. मूल म्हणताना मुली आणि मुलगे, दोघंही आले.

सुरुवात वर्धा जिल्ह्यापासून करू, त्याला कारण आहे. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतले न्यायवैद्यकतज्ज्ञ डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी अशा तपासण्या किती सदोष होतात यावर २०१० साली अहवाल लिहिला. जनहित याचिकेतून हा प्रश्न नागपूर खंडपीठापुढे गेला. मार्च २०१४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने मार्गदर्शक सूचना काढल्या. ‘टू फिंगर टेस्ट’ करू नये असं त्यांत स्पष्ट आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ते पुन्हा बजावलं. म्हणजे पहिल्या दिवसाची तपासणी सुधारण्यात या जिल्ह्याचा मोठा वाटा आहे. पण त्याच सूचनांत पाठपुराव्याचंही वेळापत्रक आहे. त्याची चर्चा मात्र कमी होते.

ते वेळापत्रक सोपं आहे. दोन दिवसांनी पुन्हा बोलवायचं, कारण मुका मार उशिरा उमटतो. मग तीन आठवड्यांनी आणि सहा आठवड्यांनी. गुप्तरोगाची लागण पहिल्या दिवशीच्या रक्तात दिसेलच असं नाही, म्हणून तपासणी पुन्हा करायची. एचआयव्ही टाळण्याची औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात आणि २८ दिवस रोज घ्यावी लागतात. त्यांनी मळमळ होते, मूल गोळ्या सोडतं. एचआयव्हीची चाचणी तीन आणि सहा महिन्यांनी पुन्हा होते. आधी लस झालेली नसेल तर कावीळ-बीचे उरलेले डोस महिन्याने आणि सहा महिन्यांनी.

गर्भधारणेचंही तसंच. अल्पवयीन मुलीला दोन डॉक्टरांच्या मताने २४ आठवड्यांपर्यंत गर्भपात करता येतो. त्यानंतर बहुतेक वेळा कोर्टाची पायरी चढावी लागते. चुकलेली एक फेरी किती महाग पडते ते इथे कळतं.

आणि मन? झोप उडणं, शाळा नकोशी होणं, मोठ्या मुलानेही अंथरूण ओलं करणं, हे कधी लगेच दिसतं, कधी कोर्टाचं समन्स आल्यावर. म्हणून मनाची विचारपूस प्रत्येक भेटीत व्हायला हवी.

मग मुलं परत का येत नाहीत? आपण पटकन म्हणतो, ‘लोकांना महत्त्व कळत नाही.’ जरा आष्टी किंवा कारंज्याकडच्या आईच्या जागी उभं राहून पाहू. पहिल्या दिवशी पोलिसांची गाडी होती. दुसऱ्या फेरीला एसटी. कापूस वेचणीचे दिवस, रोजी बुडते. केसपेपरच्या खिडकीवर सगळ्यांसमोर विचारतात, ‘काय झालं?’ आतला डॉक्टर नवा, तो सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावतो. अत्याचार करणारा नात्यातला असेल, तर घरातला फोनही सुरक्षित नसतो. अशा वेळी न येणं हा अडाणीपणा नाही, तो बचाव आहे.

म्हणून उपाय घराकडून नाही, दवाखान्याकडून सुरू व्हायला हवा. काय करता येईल?

पहिलं, एकच ओळखीचा चेहरा. नर्स असो वा समुपदेशक, प्रत्येक भेटीला तीच व्यक्ती. तिने थेट आत घ्यायचं, रांग नाही.

दुसरं, निघतानाच सगळ्या तारखा लिहून द्यायच्या, पण चिठ्ठीवर कारण लिहायचं नाही. कोणत्या नंबरवर, किती वाजता फोन करायचा आणि दुसऱ्याने उचलला तर काय बोलायचं, हे मुलाला आणि त्याच्या विश्वासातल्या मोठ्या माणसाला विचारून ठरवायचं.

तिसरं, सेवाग्राम, सावंगी किंवा वर्ध्यापर्यंत दर वेळी यायची गरज काय? रक्ततपासणी आणि लस आर्वी, हिंगणघाटच्या उपजिल्हा रुग्णालयात होऊ शकते. मात्र कागद बंद पाकिटात जावा. आशाताईंना सांगायचं ते कुटुंबाने होकार दिला तरच.

चौथं, हकीकत पुन्हा विचारायची नाही. पाठपुरावा म्हणजे जबानी नव्हे. दुखत असेल तरच तपासायचं, तेही विचारून.

कायदा इथे आपल्या बाजूने आहे. पोक्सोखाली तपासणीसाठी एफआयआरची अट नाही. सरकारी असो की खासगी, दवाखान्याने उपचार मोफतच द्यायचे आहेत. २०२० च्या नियमांनुसार बालकल्याण समिती मुलासाठी सहायक व्यक्ती नेमू शकते. खटल्याच्या तारखांबरोबर दवाखान्याच्या तारखाही तिच्या वहीत असाव्यात, एवढंच आपलं मागणं. हो, डॉक्टरांना पोलिसांना कळवावंच लागतं. पण हे मुलाला आधीच खरंखरं सांगितलं तर विश्वास टिकतो.

शेवटी एकच गोष्ट. जिल्ह्याच्या बैठकीत किती नमुने पाठवले ते विचारलं जातं. त्याच बैठकीत हेही विचारू या की सहाव्या महिन्यात किती मुलं परत आली, आणि जी आली नाहीत त्यांच्यापर्यंत कोण पोचलं? ऐकणाऱ्यांपैकी कुणाला एखाद्या मुलाबद्दल काळजी वाटत असेल, तर १०९८ वर फोन करा.