पाणलाव्याची चोच आणि काठचा चिखल

औंधच्या पूर्वेला, खटाव तालुक्यातच मायणीचा तलाव आहे. अशा तलावाकाठी हिवाळ्यात पायाजवळून एखादा तपकिरी पक्षी भुर्रकन उठतो आणि नागमोडी वळणे घेत दूर जातो. तो साधा पाणलावा.

त्याची चोच इतकी लांब कशासाठी? चोचीचे टोक अतिशय संवेदनशील असते. चिखलात खुपसल्यावर केवळ टोक उघडून तो गांडुळे, अळ्या पकडतो. जमीन वाळून कठीण झाली, की हे हत्यार निकामी!

याचाच भाऊबंद रानपाणलावा. हॉजसन यांनी १८३६ साली त्याचे शास्त्रीय वर्णन केले. तो हिमालयातील उंच कुरणांत वीण घालतो आणि हिवाळ्यात पायथ्याकडे व निलगिरीसारख्या दक्षिणेकडील डोंगरांत उतरतो. शिकार आणि पाणथळ जागांचा निचरा यांमुळे तो आज 'असुरक्षित' जातींच्या यादीत आहे. प्रौढ पक्षी १०,०००हून कमी असावेत, असा अंदाज आहे.

साधा पाणलावा अजून बऱ्यापैकी आढळतो. पण गरज दोघांची एकच. २०२१ साली मायणीला पक्षी संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. मात्र तलाव राखणे म्हणजे नुसते पाणी राखणे नव्हे. काठचा चिखल ही पडीक जागा नसून कुणाचे तरी ताट आहे, हे विद्यार्थी मित्रांनो, विसरू नका.