मुलामा : शब्दार्थ आणि प्रक्रिया

‘मुलामा’ हा शब्द मूळचा अरबी. त्याच्या मुळाशी चकाकण्याचा अर्थ आहे. मराठीत हलक्या धातूवर चढविलेला सोन्यारुप्याचा पातळ थर असा त्याचा अर्थ रूढ झाला आणि पुढे लक्षणेने वरवरचा, फसवा देखावा असाही झाला. हिंदीत ‘कलई खुलना’ म्हणजे बिंग फुटणे. तेथेही हीच कल्पना आहे. ही लक्षणा प्रत्यक्ष प्रक्रियेशी कितपत जुळते, हे जुन्या मोटारीच्या बंपरच्या उदाहरणाने तपासून पाहू.

पूर्वी कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनीचा चकाकणारा पोलादी बंपर अनेकांच्या परिचयाचा आहे. त्यावरील थराला आपण सरसकट ‘क्रोम’ म्हणतो. परंतु क्रोमियमचा थर बहुधा अर्ध्या मायक्रॉनहूनही पातळ असतो. त्याखालचा निकेलचा थर त्याच्या कित्येक पट जाड असून लखलखाट मुख्यतः त्याचाच असतो. पोलादापर्यंत ओलावा पोहोचू न देण्याचे कामही निकेलच करते. निकेल काळवंडू नये व त्यावर सहजी ओरखडे उठू नयेत, एवढ्यासाठी वर क्रोमियम असते. निकेलला छिद्र पडले, की गंज धरतो.

असा बंपर पूर्ववत करावयाचा, तर जुने थर प्रथम उतरवावे लागतात. क्रोमियम हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळते. निकेल उलट दिशेच्या विद्युत्प्रवाहाने काढतात. मग पोचे ठोकून काढावयाचे, गंजाचे खड्डे घासावयाचे. उरलेले खड्डे तांब्याचा जाड थर देऊन व तो पुनःपुन्हा घासून सपाट करतात. त्यानंतर निकेल आणि अखेरीस क्रोमियम. या शेवटच्या पायरीसाठी परंपरेने वापरले जाणारे क्रोमिक आम्लाचे द्रावण अत्यंत घातक असून त्याचे तुषार श्वासावाटे गेल्यास कर्करोगाचा धोका संभवतो. म्हणून हे काम घरी करण्याचे नव्हे.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेतली पाहिजे. रंगकामात खड्ड्यात लांबी भरून वर रंग दिला, की दोष झाकला जातो. विलेपनात ही सोय नाही. साधी लांबी विद्युद्वाहक नसल्यामुळे तिच्यावर धातूचा थर बसत नाही. आणि पृष्ठावर राहिलेला ओरखडा पातळ थराखाली लपत तर नाहीच, उलट चकाकीमुळे अधिक ठळकपणे नजरेत भरतो. सारांश, श्रमाचा मोठा भाग पायाच्या धातूवरच खर्च होतो.

तेव्हा फसवेपणाची ती लक्षणा रंगाला एक वेळ शोभेल. बंपरवरील विलेपनाला ती लागू पडत नाही. परिभाषा घडविताना ‘मुलामा’ हा सोपा व प्रचलित शब्द टाळून ‘विद्युत्-विलेपन’ हा संस्कृतोद्भव शब्द का स्वीकारावा, असा आक्षेप कधी कधी घेतला जातो. त्याचे एक उत्तर येथे मिळते. नवा शब्द बोजड असेल. परंतु वस्तूविषयीचा पूर्वग्रह तो बरोबर आणीत नाही.