स्वादुपिंडाची शस्त्रक्रिया आणि साखरेचा तोल



मधुमेह आपल्या घराघरांत ओळखीचा आहे. पण स्वादुपिंड पूर्ण काढल्यावर होणारा मधुमेह वेगळा. साखर उतरवणारं इन्सुलिन जातंच, घसरलेली साखर सावरणारं ग्लुकागॉनही जातं. म्हणून साखर चढण्याइतकीच घसरण्याची भीती!

इथे स्वयंचलित इन्सुलिन पंप कामी येतो. त्वचेखालचा सेन्सर दर काही मिनिटांनी साखर मोजतो. त्यानुसार पंप इन्सुलिन वाढवतो, कमी करतो किंवा थांबवतो. आपल्या रेडमंडहून सरोवरापलीकडे, सिएटलच्या डॅना लुईस यांनी अशी घरी जुळवता येणारी प्रणाली २०१५ मध्ये सर्वांसाठी खुली केली.

शस्त्रक्रियेच्या वेळचं यंत्र निराळं. ते शिरेतलं रक्त तपासतं. जपानमधल्या २०१४ च्या अभ्यासात यकृत-स्वादुपिंडाच्या रुग्णांची साखर त्यानं ८० ते ११० ठेवली. १४० ते १८० ठेवलेल्यांपेक्षा त्यांच्यात जखमेचा संसर्ग कमी दिसला. अशा यंत्राशिवाय मात्र साखर इतकी खाली आणू नये. एरवी १०० ते १८० हे लक्ष्य असतं.

पंप इन्सुलिन थांबवू शकतो, साखर वाढवू शकत नाही. ग्लुकोजच्या गोळ्या जवळ हव्यातच. ग्लुकागॉनबद्दलही डॉक्टरांना विचारावं.

शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञांना आपण दोनच प्रश्न विचारूया: पंप कधी काढणार? आणि काढल्यावर इन्सुलिन कसं देणार?