पावसाच्या नावाची जखम

घोड्याच्या पायावर आधी नुसती सूज येते. मग ती फुटते, चिकट पाणी वाहू लागतं, आणि खाज इतकी सुटते की जनावर स्वतःचाच पाय चावून काढतं. जखमेच्या आतून पिवळट-करडे, पोवळ्यासारखे खडबडीत खडे निघतात. पागेतल्या माणसांनी या दुखण्याला साधी नावं ठेवली होती. पावसाळ्यात चिघळते म्हणून जखम ‘बरसाती’, आणि आतले खडे ते ‘कंकर’. १८८४ साली ब्रिटिश लष्करातले पशुवैद्य फ्रेडरिक स्मिथ यांनी या आजारावर निबंध लिहिला, तेव्हा मथळ्यात हाच ‘बरसाती’ शब्द घेतला. ‘कंकर’ तर पशुवैद्यकाच्या इंग्रजी पुस्तकांत आजही आहे.

इंदूरकराला हे वाचून पागा आठवणारच. होळकरांचं राज्य घोड्याच्या पाठीवर उभं राहिलं. १८१७च्या डिसेंबरात क्षिप्रेकाठी महिदपूरला ते ब्रिटिशांपुढे हरलं आणि पुढच्याच वर्षी इंदुराशेजारी त्यांची महूची छावणी बसली. त्या महूत आज पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. खरारा करताना मोतद्दाराचा हात घोड्याच्या अंगावरून रोज फिरतो. कुठली जखम कुठल्या ऋतूत उठते, हे त्या हाताला सगळ्यांच्या आधी कळलं होतं.

पण पाऊसच का? याचं उत्तर मिळायला नव्वद वर्षं लागली.

१९०१च्या सुमारास जावा बेटावर डच संशोधकांनी अशाच जखमांतून बारीक धागे वाढवले. दिसायला बुरशीच, म्हणून बुरशीत जमा झाले. पण प्रयोगशाळेतल्या बशीत त्यांना बीजाणू धरेनात, त्यामुळे कूळ ठरेना. १९७४ साली ऑस्टविक आणि कोपलँड या संशोधकांनी ते पाण्यात आणले, आणि धाग्यांतून पोहणारी पिल्लं बाहेर पडली!

ही किमया पाहायला साधी गवताची पाती पुरते. उकळून निर्जंतुक केलेली पाती त्या वाढीवर ठेवायची. धागे तिला धरतात. मग पाती पाण्यात सोडायची. काही तासांत धाग्याच्या टोकाशी फुगा येतो, आत वळवळ सुरू होते, फुगा फुटतो आणि दोन-दोन शेपट्यांचे चलबीजाणू झुंडीनं पोहत सुटतात. बशीत जणू शेतातलं डबकंच तयार होतं. असा बीजाणू केसाला किंवा खरचटलेल्या कातडीला भिडला की शेपट्या टाकतो, चिकटून बसतो आणि आत कोंब घुसवतो. १९८७ साली त्याला नाव मिळालं, ‘पिथियम इन्सिडिओसम’. दुसऱ्या शब्दाचा अर्थ दबा धरून बसणारं, दगाबाज.

हा जीव बुरशी नव्हेच. त्याची भावकी समुद्रातल्या तपकिरी शेवाळांशी आणि डायटमांशी आहे. जंगलातली अळंबी नात्यानं त्याच्यापेक्षा आपल्याला जवळची! त्याचे चुलते शेतकऱ्याच्या ओळखीचे आहेत. माळव्याच्या बटाट्यावरचा उशिराचा करपा आणि नाशिकच्या द्राक्षावरचा डाऊनी याच घराण्यातले. पिथियमच्या पेशींच्या भिंतीत सेल्युलोज असतं, कापसाच्या तंतूत असतं तेच. आयोडीन आणि गंधकाम्ल घातलं की त्याचे धागे निळे-काळे पडतात.

हा भेद माणसाच्या डोळ्याशी आणि जिवाशी येऊन भिडतो. २०२१ साली काळ्या बुरशीच्या साथीत इंदूरची माणसं अँफोटेरिसिनच्या इंजेक्शनांसाठी वणवण फिरली. ते औषध बुरशीच्या पेशीपडद्यातल्या एर्गोस्टेरॉलला पकडतं. पिथियमच्या पडद्यात हे एर्गोस्टेरॉल जवळपास नसतंच. औषध येतं, पण त्याला धरायला काही सापडत नाही. डोळ्याच्या बुबुळावरचा पिथियमचा व्रण हुबेहूब बुरशीच्या व्रणासारखा दिसतो, बुरशीचेच थेंब सुरू होतात आणि मोलाचे दिवस हातचे जातात. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेतल्या संशोधकांनी २०१५ साली अशा रुग्णांवर निबंध लिहिला. ओळख पटवायला त्यांनी डीएनएची मदत घेतली आणि पोहणारे बीजाणूही पाहिले. आता लिनेझोलिड आणि अझिथ्रोमायसिन ही मुळात जिवाणूंवरची औषधं इथे वापरतात. तरीही अनेकांना बुबुळाचं रोपण करावं लागतं. थायलंडमध्ये थॅलेसेमियाच्या रुग्णांत हा जीव रक्तवाहिन्यांत शिरतो. तेव्हा जीव वाचवायला पायही कापावा लागतो.

बरसाती म्हटलेली प्रत्येक जखम पिथियमची नव्हती, हेही सांगायला हवं. माश्यांनी आणलेल्या कृमींच्या अळ्यांमुळेही घोड्यांना तशाच जखमा होतात. पण सूक्ष्मदर्शक हाती नसताना पागेतल्या माणसांनी पाण्याकडे बोट दाखवलं होतं, आणि त्या पाण्यातच पोहणारा बीजाणू सापडला.

म्हणून पावसाळ्यात चिखलाचं पाणी डोळ्यात उडालं आणि नंतर डोळा लाल होऊन ठणकू लागला, तर घरचे थेंब घालत बसू नका. नेत्रतज्ज्ञाकडे जा आणि पाणी कुठलं होतं, तेही सांगा. मोतद्दारानं आपल्या घोड्याबद्दल एवढंच तर सांगितलं होतं.