पडद्यावरचा सौदा

मराठवाड्याबाहेरच्या पाहुण्याला 'मोंढा' या शब्दाचा अर्थ सांगावा लागतो. नांदेडच्या रिक्षावाल्याला मात्र 'मोंढ्यात चल' एवढे म्हटले की पुरते. 'नवा का जुना?' एवढेच तो विचारतो. लातूरला गंजगोलाई आहे. १९१७ साली बांधलेली ही गोल इमारत, मध्ये अंबाबाईचे देऊळ आणि भोवती फुटणारे सोळा रस्ते. गंज म्हणजे बाजारच. या दोन्ही गावांचे पोट पिढ्यान् पिढ्या खेड्यातून येणाऱ्या मालावर भरलेले आहे. आणि या दोन्ही बाजारांत एक गोष्ट वर्षानुवर्षे तशीच राहिली. ज्याचा माल, त्याने भावाच्या वेळी गप्प बसायचे.

जुन्या माणसांना रुमालाखालचा सौदा आठवत असेल. खरेदीदार आणि अडत्या एकमेकांचे हात हातात घेत, वरून रुमाल किंवा उपरणे टाकीत आणि खाली बोटे दाबून भाव ठरवीत. मालाचा धनी शेजारीच उभा असे. त्याला दिसे ते फक्त हलणारे कापड. निजामाच्या राज्यात १३३९ फसलीत, म्हणजे १९३० च्या सुमारास, शेतमाल बाजाराचा कायदा झाला. पुढे महाराष्ट्राचा १९६३ चा कायदा आला. रुमाल गेला, उघड लिलाव आला. हे पाऊल मोठेच होते. पण उघड म्हणजे काय, हेही नीट पाहिले पाहिजे. ढिगाभोवती घोळका जमतो, कोणीतरी भराभरा आकडे पुकारतो, मिनिटभरात घोळका पुढच्या ढिगावर जातो, आणि शेतकरी अडत्याला विचारतो, "मालक, किती लागला?" लातूरच्या बाजारात सौदा आणि पोटली असे दोन शब्द आहेत. त्या दोन भावांमधली तफावत हा तिथल्या तक्रारींचा जुना विषय आहे. पुकारलेला भाव आणि हातात पडलेला भाव वेगळा असू शकतो, हे तिथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते.

१२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली. ते चित्र देशभर गाजले. त्यानंतर दोनच दिवसांनी, १४ एप्रिलला, दिल्लीत 'ई-नाम' म्हणजे राष्ट्रीय कृषी बाजाराचे उद्घाटन झाले. तहानलेल्या लातूरला त्या दिवशी त्याची दखल घ्यायला सवड नव्हती. आठ राज्यांतल्या एकवीस बाजार समित्यांपासून सुरुवात झाली. मे २०२० मध्ये हा आकडा एक हजारावर गेला. लातूर-नांदेडकडच्या बाजार समित्याही टप्प्याटप्प्याने त्यात आल्या. कल्पना सोपी आहे. माल आवारात येईल, त्याची तपासणी होईल, तपासणीचे आकडे पडद्यावर दिसतील आणि परवानाधारक व्यापारी आपल्या जागेवरून बोली लावतील. शेवटी विकणाऱ्याला विचारले जाईल, हा भाव मान्य आहे का?

हे शेवटचे वाक्य मला फार महत्त्वाचे वाटते. पुकाऱ्याच्या लिलावातही नकार देता येतोच. कायदा तसे सांगतो. पण वीस माणसांच्या घोळक्यात, ज्याच्याकडून उसने घेतले त्या अडत्यासमोर 'नको' म्हणायला वेगळी छाती लागते. मोबाइलवर बोट ठेवायला तेवढी लागत नाही.

संगणकावरचा लिलाव हा काही शेतमालासाठी जन्मलेला प्रकार नव्हे. अमेरिकेत १९९५ साली पिएर ओमिद्यार यांनी एक लिलावाचे संकेतस्थळ सुरू केले. त्यावर विकली गेलेली पहिली वस्तू म्हणजे एक बिघडलेला लेझर पॉइंटर. चौदा डॉलर त्र्याऐंशी सेंटला तो गेला! पुढे त्याचेच 'ई-बे' झाले. आपल्याकडे २००० साली 'बाझी डॉट कॉम' निघाले. २००४ मध्ये ई-बेने ते विकत घेतले आणि २०१८ मध्ये ई-बेचा भारतातला तो बाजार बंदही झाला. जुनी नाणी, तिकिटे, कॅमेरे विकणाऱ्या अनेकांनी तिथे धडे गिरवले. त्यातला पहिला धडा मोंढ्यातही लागू आहे. समोर नसलेला गिऱ्हाईक तुमच्या वस्तूला बोली लावतो ती वस्तू पाहून नव्हे, तर तिचे वर्णन वाचून. ते वर्णन खरे आहे असे त्याला वाटले पाहिजे. सोयाबीनच्या बाबतीत हे वर्णन म्हणजे तपासणीची चिठ्ठी: ओलावा किती, काडीकचरा किती, डागी आणि फुटका दाणा किती.

आता सुरुवात कशी करायची ते. आमच्या पुरवणीचे निम्मे वाचक नोकरीपेशातले असले तरी त्यांतल्या बहुतेकांची गावाकडे चार-पाच एकर जमीन असते, भाऊ किंवा पुतण्या ती कसत असतो. त्यामुळे हा विषय घरचाच आहे.

नोंदणीला फार कागद लागत नाहीत. ओळखपत्र, बँकेचे पासबुक आणि मोबाइल क्रमांक. पण खरी अडचण या तीन गोष्टींतच दडलेली असते. मी बँकेत आयुष्य काढले, म्हणून सांगतो. एकत्र कुटुंबात सातबारा आजोबांच्या नावावर असतो, खाते थोरल्या काकांचे असते, मोबाइल धाकट्या पोराच्या खिशात असतो आणि राबणारी सून कोणत्याच कागदावर नसते. संगणकाला असले कुटुंब कळत नाही. त्याला एक नाव, एक खाते, एक फोन हवा असतो. तेव्हा हंगामाच्या आधी, भर उन्हाळ्यात, घरात बसून हे ठरवावे. पैसे कोणाच्या खात्यात पडणार, हे आधी ठरलेले बरे. पैसे पडल्यावर ठरवायला गेले की भांडण होते.

दुसरी अडचण कोणी उघड बोलत नाही. विक्रीची रक्कम थेट बँकेत जमा होते, हा या पद्धतीचा मोठा गुण सांगितला जातो. तो आहेच. पण ज्याचे पीककर्ज थकले आहे त्याला नेमकी त्याचीच धास्ती असते. पैसे खात्यात पडले आणि बँकेने ते कर्जात वळते केले, तर बियाणे कशाने आणायचे, पोराची फी कशाने भरायची? ही भीती अगदीच खोटी नाही. कर्जदाराच्या ठेवीवर हात ठेवण्याचा बँकेला हक्क असतो आणि वसुलीच्या मार्च महिन्यात तो हक्क शाखेला हटकून आठवतो. म्हणून अनेक शहाणी माणसे दोन पैसे कमी घेऊन रोखीत विकतात. बाहेरच्याला तो अडाणीपणा वाटतो. माझे म्हणणे एवढेच की, थकबाकी असेल तर माल न्यायच्या आधी शाखेत जाऊन बोलावे, हप्ता बांधून घ्यावा. लपून राहण्यापेक्षा ते स्वस्त पडते.

नंतर फाटक. तिथे मालाची नोंद होते, ढिगाला क्रमांक मिळतो, नमुना काढला जातो. आमचे लोक एक खोड करतात: चांगला आणि भिजलेला माल एकत्र करतात, चांगल्याच्या आडून वाईट निघून जाईल म्हणून. घोळक्याच्या लिलावात हे कधीकधी खपून जाते. चिठ्ठीवर मात्र उलटे होते. वाईट दाणा चांगल्यालाही खाली ओढतो. दोन प्रतीचा माल असेल तर दोन ढीग करावेत.

आणि ओलावा. इथे थोडे गणित करू, कारण सगळा खेळ त्यात आहे. समजा, बारा टक्के ओलाव्याच्या सोयाबीनला क्विंटलला ४,३०० रुपये भाव आहे. तुमचा माल अठरा टक्क्यांचा आहे. शंभर किलोत ब्याऐंशी किलो कोरडा ऐवज. तो बारा टक्क्यांवर आणला तर वजन भरते सुमारे त्र्याण्णव किलो. म्हणजे ओल्या क्विंटलची रास्त किंमत झाली जवळजवळ ४,००० रुपये. बोली ३,७०० ची आली, तर तुम्ही नुसते सात किलो पाणी सोडत नाही, वर क्विंटलमागे तीनशे रुपये सोडता. दोन दिवसांच्या उन्हाची ही किंमत. अर्थात ऊन पडले तर! ऑक्टोबरात परतीचा पाऊस झोडपत असताना अंगणात माल पसरणार कुठे, हा प्रश्न मला कोणी विचारला तर माझ्याकडे उत्तर नाही. २०२४ च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारलाही हमीभावाच्या खरेदीसाठी ओलाव्याची अट बारावरून पंधरा टक्क्यांवर न्यावी लागली, ती उगीच नव्हे.

माझा एक भाचा औसा तालुक्यात शेती करतो. पदवीधर आहे, संगणकाला भीत नाही. त्याने पहिल्यांदा असा माल लावला तेव्हा मला फोनवर सगळी हकिगत सांगितली. बाजार समितीचे नाव सांगत नाही. सकाळी दहाला त्याची नोंद झाली. तपासणीच्या टेबलावर माणूस दुपारी आला. बोली सुरू झाली तेव्हा मोबाइलवर आकडा हलताना दिसत होता. "मामा, परीक्षेचा निकाल बघावा तसं होत होतं," तो म्हणाला. आकडा हलला दोनदा, मग थांबला. शेजारच्या आवारात पुकाऱ्याने लागलेल्या भावापेक्षा तो पन्नास रुपयांनी कमी होता. भाच्याने बाणेदारपणे नकार दिला.

"मग?"

"मग काय मामा, टेम्पोवाला खाली उभा. परत न्यायचं तर भाडं, पुन्हा भरायची हमाली, रात्री पाऊस आला तर ताडपत्री. शेवटी त्याच अडत्याकडं घातला."

पन्नास रुपयांसाठी दिलेला नकार त्याला टिकवता आला नाही. यंत्राने त्याला 'नको' म्हणायचा हक्क दिला, पण त्या हक्काची किंमत टेम्पोवाल्याने ठरवली. नकार टिकवायचा तर माल ठेवायला जागा आणि तोवर घर चालवायला पैसा लागतो. या दोन्हींसाठी एक जुनी योजना आहे. राज्याच्या कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून चालू आहे. गोदामात माल ठेवायचा, किमतीच्या पंच्याहत्तर टक्क्यांपर्यंत उचल घ्यायची, व्याज सहा टक्के, मुदत एकशे ऐंशी दिवस. पडद्यावरच्या लिलावाची जेवढी जाहिरात झाली, त्याच्या निम्मी या योजनेची झाली असती तर त्या लिलावाचेच भले झाले असते. ठेवलेला माल चढलाच पाहिजे असे मात्र नाही. २०२१ च्या ऑगस्टमध्ये काही बाजारांत सोयाबीन दहा हजारांवर गेले, त्या आठवणीने पुढे कित्येकांनी पोती ठेवली आणि भाव उतरताना पाहत बसले.

बोली लावणारे कोण, हा आणखी एक प्रश्न. लिलावाचे यंत्र कोणतेही असो, बोलीदार चार असतील आणि चौघांनी सकाळी एकाच टपरीवर चहा घेतला असेल, तर भाव चहाच्या टेबलावरच ठरतो. आमच्या शाखांमध्ये तारण सोन्याचे लिलाव होत. ठरलेले तीन सोनार येत. आज एकाने घ्यायचे, उद्या दुसऱ्याने. कागदोपत्री सगळे चोख. ई-नामचे खरे वचन असे होते की लातूरच्या ढिगाला दूरच्या गावचा व्यापारी बोली लावील आणि ही चहाची बैठक मोडेल. ते वचन अजून पुरते फळाला आलेले नाही. बहुतेक व्यवहार त्याच आवारातल्या त्याच व्यापाऱ्यांत होतात. कारण दूरचा व्यापारी त्या चिठ्ठीवर विसंबायला अजून राजी नाही, आणि वाहतुकीत माल बिघडला तर भांडायचे कोणाशी, हेही त्याला ठाऊक नाही.

अडत्याला यात खलनायक करून मोकळे होणे सोपे आहे. मला ते जमत नाही. रात्री अकराला पोटात दुखणाऱ्या बायकोला नांदेडच्या दवाखान्यात न्यायचे असते तेव्हा बँकेचे शटर बंद असते. अडत्याचे दार वाजवता येते. तो पैसे देतो, त्या उपकाराची वसुली भावात करतो. या नात्याला पर्याय उभा करायचा तर नुसता पडदा टांगून भागायचे नाही.

हळदीची गोष्ट थोडी निराळी आहे, म्हणून नांदेडकडच्यांना मी जरा आशेने सांगतो. शिजवून, वाळवून, पॉलिश केलेले हळकुंड चार-सहा महिने घरात राहू शकते. अर्धापूरकडचा शेतकरी वाटल्यास माल सांगलीपर्यंत पाठवतो. शेजारचे निजामाबाद तर ई-नामच्या पहिल्या एकवीस बाजारांपैकी एक होते आणि हळद हाच तिथला मुख्य माल. राष्ट्रीय हळद मंडळाचे मुख्यालयही २०२५ मध्ये तिथेच झाले. ज्याचा माल थांबू शकतो त्याने नवी पद्धत आधी करून पाहावी. सगळा माल एकदम नेऊ नये. चार पोती न्यावीत, हळकुंड वेगळे, गड्डे वेगळे. चिठ्ठी कशी मिळते ते पाहावे, पैसे किती दिवसांत पडतात ते वहीत लिहावे. गावातल्या आठ-दहा घरांनी मिळून, किंवा शेतकरी कंपनीमार्फत एकाच प्रतीचा मोठा ढीग लावला तर बाहेरचा बोलीदार मान वर करून पाहण्याची शक्यता वाढते. चार पोत्यांसाठी तो ट्रक पाठवणार नाही.

भाच्याने यंदा ओलावा मोजायचे छोटे यंत्र घेतले आहे, भावकीतल्या चौघांत मिळून. माल भरण्याआधी घरीच तीनदा मोजतो. बाजारातल्या चिठ्ठीवर वेगळा आकडा आला तर तो टेबलापाशी उभा राहून 'पुन्हा मोजा' म्हणतो, आणि मागे रांगेत उभे असलेले दोघे-तिघे आपापल्या पोत्यांतली मूठ घेऊन त्याच्याकडे येतात.