थाळनेरचा सरदार

शिरपूर तालुक्यातलं, तापीकाठचं थाळनेर ही खानदेशच्या फारुकी सुलतानांची पहिली राजधानी. १५०८मध्ये फारुकी सुलतान दाऊदखान वारला. त्याचा मुलगा गझनीखान गादीवर बसला खरा, पण काही दिवसांतच विषप्रयोगाने गेला आणि खानदेशात यादवी पेटली. थाळनेरचा सरदार मलिक हुसामुद्दीन याने अहमदनगरच्या निजामशहाच्या बळावर गादीसाठी आलमखानाला पुढे केलं. दुसरा सरदार मलिक लादन विरोधात, असीरगडावर. गुजरातचा सुलतान महमूद बेगडा फौजेनिशी थाळनेरला आला, तेव्हा दोघेही सरदार त्याला शरण गेले. बेगड्याने तिथेच दरबार भरवून आपल्या नात्यातल्या आदिलखानाला गादी दिली. हुसामुद्दीनलाही किताब मिळाला, जहागीर मिळाली. तरी आलमखानासाठीची त्याची खटपट थांबली नाही. अखेर आदिलखानाने त्याला बऱ्हाणपूरला बोलावून ठार केलं. थाळनेरात फारुकींच्या कबरी आजही आहेत. शिरपूरकरांनी त्या जरूर पाहाव्यात.