खानावळ, हॉटेल आणि उद्योगाचा दर्जा
(द्वितीय वर्ष, कला)

‘हॉटेल’ हा शब्द इंग्रजांकडून आपल्याकडे आला खरा, परंतु मावळात पोहोचेपर्यंत त्याचा अर्थ पार बदलून गेला. आमच्याकडे हॉटेल म्हणजे जेथे चहा-भजी मिळते, वर्तमानपत्र फुकट वाचता येते आणि एस.टी. येईपर्यंत बाकावर टेकता येते ते ठिकाण. थाळी मिळते ती खानावळ, आणि मुक्कामाला खोली मिळते ते लॉज. सरकारी कागदावर मात्र हॉटेल म्हणजे मुख्यतः खोल्या असलेली जागा. नुसते खायला मिळते ते उपाहारगृह. हा भेद मला पुस्तकातून कळला नाही, आमच्या घरच्या एका फजितीतून कळला.

माझी आई वडगावात जुन्या महामार्गाच्या कडेला खानावळ चालवते. मी बारावीत असताना मामा एक बातमी घेऊन आला. “ताई, हॉटेलांना उद्योगाचा दर्जा मिळाला, आता तुझं लाइटबिल निम्म्यावर येणार!” आई दुसऱ्याच दिवशी बिल पिशवीत घालून विचारायला गेली. खिडकीवरच्या गृहस्थांनी बिल पाहिले आणि शांतपणे विचारले, “मावशी, तुमच्याकडं खोल्या किती?” आई म्हणाली, “एकच. तिथंच चूल आहे.”

त्या दिवसापासून हा विषय माझ्या मनात राहिला. आमच्या घरात सरकारी कागद वाचू शकणारी मी पहिलीच. तेव्हा आपणच वाचावे, आणि जे कळले ते आपल्या तालुक्यातील लहान हॉटेलवाल्यांनाही कळावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

मामाची बातमी खोटी नव्हती. महाराष्ट्र शासनाने आदरातिथ्य व्यवसायाला औद्योगिक सवलती देण्याचा निर्णय २०२० सालाच्या अखेरीस घेतला. त्यानुसार १ एप्रिल २०२१ पासून वीज, पाणी, मालमत्ता कर वगैरेंची आकारणी औद्योगिक दराने करावयाची असे ठरले. पण हा लाभ आहे पर्यटन खात्याकडे रीतसर नोंदलेल्या, निवासाची सोय असलेल्या हॉटेलांसाठी. विजेच्या दरपत्रकात घरगुती, वाणिज्यिक, औद्योगिक असे निरनिराळे वर्ग असतात. खानावळ वाणिज्यिक वर्गात मोडते आणि त्या वर्गाचा दर उद्योगाच्या दरापेक्षा चढा असतो. याची एक गंमत आमच्या शेजारीच आहे. पिठाची गिरणी ही उद्योगात गणली जाते. म्हणजे ज्वारी दळली तर उद्योग, आणि त्याच पिठाची भाकरी थापून विकली तर व्यापार! मोठ्या हॉटेलात शेकडो लोकांना काम मिळते, म्हणून त्याला सवलत द्यावी हे योग्यच आहे. परंतु दहा-वीस माणसांची पाने मांडणाऱ्या जागेलाही त्यातला काही वाटा मिळावा, असे मला वाटते.

आता आमच्या रस्त्याविषयी लिहिले पाहिजे, कारण मावळातल्या खाण्याच्या धंद्याचे सारे बरेवाईट या रस्त्याने केले आहे. मुंबईहून घाट चढून पुण्याकडे जाण्याची ही वाट फार जुनी. १७७९ च्या जानेवारीत इंग्रजांची फौज याच बाजूने आली, मराठ्यांनी तिची रसद तोडली आणि वडगावात तिला तह करावा लागला. (वडगावातून उपाशी परतलेले ते बहुधा पहिलेच पाहुणे असावेत.) पुढे मोटारी आल्या आणि लोणावळा, कार्ला, कामशेत, वडगाव, तळेगाव अशी महामार्गावर हॉटेलांची माळ तयार झाली. माझ्या आजोबांचे चहाचे हॉटेल त्याच माळेतले. अण्णा, म्हणजे माझे वडील, सांगतात की रात्री दोनलाही ट्रकवाले दार वाजवीत आणि पातेल्यावरचे दूध कधी थंड होत नसे.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्ण झाला. तो वडगावच्या जवळून जातो, पण त्यावरून वडगावात किंवा कामशेतला उतरता येत नाही. उतरायचे ते लोणावळ्याजवळ कुसगावला, नाही तर तळेगावजवळ. शिवाय द्रुतगती मार्गावर कोणालाही वाटेल तेथे टपरी टाकता येत नाही. खाण्याचे थांबे ठरलेले, त्यांची फूड मॉल म्हणून बांधलेली दुकाने ठरलेली. जो प्रवासी कालपर्यंत आजोबांच्या बाकावर बसत होता, तो आज डोंगराकडेच्या त्या रस्त्याने ऐंशीच्या वेगाने निघून जाऊ लागला. आजोबांनी दोन वर्षे वाट पाहिली आणि मग हॉटेल बंद केले. रस्ता झाला हे वाईट झाले असे मी मुळीच म्हणणार नाही, कारण रुग्णवाहिकाही त्याच रस्त्याने जाते. पण नव्या रस्त्याच्या अंदाजपत्रकात जुन्या रस्त्यावरच्या बाकांचा हिशेब कोठे लिहिलेला नसतो, एवढे खरे.

हे आठवण्याचे कारण असे की खोपोली ते कुसगाव हा सुमारे १३.३ किलोमीटरचा नवा दुवा, ज्याला सगळे ‘मिसिंग लिंक’ म्हणतात, घाटाचा भाग टाळण्यासाठी आखलेला आहे. त्याने लोणावळ्याच्या चिक्कीवाल्यांचे काय होईल, अशी चर्चा ऐकू येते. माझ्या मते लोणावळ्याची गोष्ट वेगळी आहे. लोणावळा हे जाण्याचे गाव आहे, वडगाव हे वाटेवरचे. वाटेवरच्या गावाचे गिऱ्हाईक रस्त्याबरोबर निघून जाते, जाण्याच्या गावाचे तसे जात नाही.

मग वाटेवरच्या गावाने काय करावे? आईने जे केले ते सांगते. आजोबांचे हॉटेल बंद होऊन दहा वर्षे झाल्यावर तिने त्याच रस्त्यावर, दुसऱ्याच्या जागेत खानावळ काढली. पण प्रवाशांसाठी नव्हे, कामगारांसाठी. तळेगावच्या औद्योगिक वसाहतीत आणि टाकवे परिसरात कारखाने आहेत, त्यांत काम करणारी मुले लांबलांबून येऊन खोल्या घेऊन राहतात. त्यांना महिन्याचा डबा लागतो. हे गिऱ्हाईक रस्ता बदलला म्हणून जात नाही. मात्र कारखाना बंद झाला की एका दिवसात जाते. तळेगावच्या जनरल मोटर्स कारखान्यातील उत्पादन डिसेंबर २०२० मध्ये थांबले, तेव्हा आमच्याकडचे डबे एकदम कमी झाले. तोच कारखाना पुढे ह्युंदाईने घेतला आणि २०२५ मध्ये तेथून पुन्हा उत्पादन सुरू झाले. वर्तमानपत्रात ही बातमी अर्थविषयक पानावर असते, पण आमच्या घरी ती कणकेच्या परातीत कळते.

दुसरे गिऱ्हाईक पर्यटकांचे. पावसाळ्यातल्या रविवारी मावळात किती गर्दी लोटते हे वाचकांना सांगायला नको. परंतु नुसत्या पावसाळी गर्दीवर संसार उभा करणे धोक्याचे आहे. जून २०२४ मध्ये भुशी धरणाजवळ वाहून जाऊन एकाच कुटुंबातली माणसे दगावली, जून २०२५ मध्ये कुंडमळ्याचा पूल कोसळला, आणि अशा प्रत्येक दुर्घटनेनंतर निर्बंध येतात. ते आलेच पाहिजेत. मग कणसे आणि भजी विकणाऱ्यांचा हंगाम आठ दिवसांत आटोपतो. त्यापेक्षा टिकाऊ बातमी मला दुसरीच वाटते. ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यात आपला लोहगड आहे. लोहगडाला माणसे केवळ पावसाळ्यात येत नाहीत. मळवली स्टेशनला उतरून, भाज्याची लेणी पाहून, गड चढून उतरलेल्या माणसाला जी भूक लागते, तिला पिठलं-भाकरीपेक्षा चांगले उत्तर नाही, आणि त्यासाठी फार भांडवलही लागत नाही.

येथे तांदळाविषयी दोन शब्द लिहिल्यावाचून राहवत नाही. इंद्रायणी हा वाण आपल्या वडगावच्याच कृषी संशोधन केंद्रात तयार झाला आणि १९८७ मध्ये शेतकऱ्यांच्या हाती आला. आंबेमोहराचा वास त्यात उतरला आहे. पण मावळातल्या नव्या हॉटेलांत जाऊन पाहा, पानात बाहेरचा लांब दाण्याचा भात! इंद्रायणी चिकट असल्याने फ्राइड राइसला चालत नाही, हे आचाऱ्यांचे म्हणणे खरे आहे. मग आमटी-भाताला वापरावा. मुंबईचा माणूस जाताना वडगावातून पाच-पाच किलो इंद्रायणी पिशवीत घालून नेतो, आणि जेवतो मात्र दुसऱ्याच मुलखाचा तांदूळ. आईच्या खानावळीत तिने भात बदलला नाही, एवढ्यासाठी रविवारी पुण्याहून येणारी चार-पाच कुटुंबे आहेत.

आता पुन्हा कागदांकडे वळू. वर्तमानपत्रांत ज्याचा सर्वांत जास्त गाजावाजा होतो तो परमिट रूमचा प्रश्न मी सोडून देते. मद्यावरील करवाढीविरुद्ध ‘आहार’ या संघटनेने १४ जुलै २०२५ रोजी राज्यभर बार बंद ठेवण्याची हाक दिली होती, तो मोठ्यांचा मामला आहे. आमच्याकडे ताकाखेरीज दुसरे पेय नाही. लहान माणसाच्या उपयोगाच्या गोष्टी वेगळ्या. १ ऑक्टोबर २०२५ च्या शासन निर्णयाने हे स्पष्ट झाले की मद्य न विकणारी उपाहारगृहे चोवीस तास उघडी ठेवता येतात. तळेगावात तिसरी पाळी सुटते त्या वेळी गरम चहा आणि पोहे देणाऱ्याला ही सवड आहे. मात्र प्रत्येक कामगाराला आठवड्याची सुट्टी दिलीच पाहिजे. वस्तू व सेवा कराची भीती अनेकांना वाटते. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे खानावळीला ती नोंदणी लागत नाही. त्याच्या वर गेल्यास दर शेकडा ५ आहे, पण खरेदीवर भरलेला कर वजा मिळत नाही. उद्यम नोंदणी जुलै २०२० पासून संगणकावर होते आणि ती पूर्णपणे मोफत आहे. हे मी मुद्दाम लिहिते, कारण आमच्याकडे एका एजंटाने तिचे दोन हजार सांगितले होते. मी ती कॉलेजच्या मधल्या सुट्टीत मोबाइलवर केली. खाद्यपदार्थ विकणाऱ्या प्रत्येकाला, हातगाडी असली तरी, अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी किंवा परवाना घ्यावा लागतो. त्याचा चौदा आकडी क्रमांक आईने चुलीमागच्या भिंतीवर लावला आहे. दर्शनी भागात लाव म्हटले तर म्हणते, “तिथं देव आहे.”

सर्वांत कामाची मला वाटलेली गोष्ट म्हणजे २०२३ चे ‘आई’ हे महिलांसाठीचे पर्यटन धोरण. (नाव चांगले आहे. माझ्या आईला वाटले, मीच गंमत करते आहे.) पर्यटनाशी निगडित व्यवसाय स्त्रीच्या मालकीचा असेल, पर्यटन संचालनालयाकडे नोंदलेला असेल आणि कामावर निम्म्या तरी स्त्रिया असतील, तर बँकेच्या १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरील व्याज शासन परत करते, १२ टक्के दराच्या आणि एकूण साडेचार लाखांच्या मर्यादेत. उपाहारगृह त्यात बसते. शासन व्याज देते, कर्ज नव्हे, हे नीट ध्यानात घेतले पाहिजे. कर्ज बँकेनेच मंजूर करावयाचे असते.

आणि गाडी तेथेच अडते. मुद्रा योजनेचे कर्ज तारणाशिवाय मिळते असे नियम सांगतो. आम्ही एका बँकेत गेलो. तेथील साहेबांनी आईला बसायला खुर्ची दिली, सगळे ऐकून घेतले आणि जागेचा करारनामा मागितला. जागा भाड्याची. बारा वर्षे भाडे रोखीने, एका महिन्याचा खंड नाही, पण कागद एकही नाही. जागामालक वाईट नाहीत. त्यांना एवढीच भीती की लिहून दिले तर जागा हातची जाईल. आईचा पुरावा म्हणजे तिच्या वह्या. त्यांत बारा वर्षांचे डबे, उधारी, किराणा सारे तारीखवार लिहिलेले आहे. ती चौथी शिकली आहे. साहेबांनी वही चाळली, “अक्षर छान आहे” म्हणाले, आणि परत दिली.

मुंबईच्या गिरणगावात कामगारांना जेवण घालणाऱ्या खानावळवाल्या बायकांची हीच अडचण होती. किराणा उधार, सावकाराचे व्याज, तारण म्हणून दाखवायला काही नाही. प्रेमाताई पुरव यांनी त्यांना एकत्र करून १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, आणि राष्ट्रीयीकृत बँकेची कर्जे या बायकांना मिळू लागली. तेथे एकीसाठी दुसरी उभी राहत होती, म्हणून बँकेला विश्वास वाटला. वडगाव ते कामशेत या रस्त्यावर एकट्या बाईने चालवलेल्या खानावळी आणि वडापावच्या गाड्या मी एका रविवारी सायकलवरून मोजल्या, अकरा भरल्या. त्यांतल्या आठजणी आईला ओळखतात, पण एकत्र बसल्या आहेत त्या केवळ हळदीकुंकवाला.

सध्या आमच्या अर्जाची स्थिती अशी आहे. उद्यम नोंदणी झाली. अन्नाची नोंदणी आहे. कामाला आई, भाकऱ्या करणाऱ्या काकू आणि भांड्यांना एक मुलगा, म्हणजे स्त्रिया निम्म्याहून अधिकच आहेत. जागामालक अकरा महिन्यांचा करार करायला निम्मे राजी झाले आहेत. भातकापणी उरकली की सांगतो म्हणतात. अर्जात व्यवसायाचे नाव लिहायचे आहे. इतकी वर्षे पाटीच नव्हती, सगळे ‘मावशीची खानावळ’ म्हणतात. अण्णांची इच्छा आहे की नावात आजोबांसारखे ‘हॉटेल’ असावे. आई म्हणते, पुन्हा कोणी खोल्या किती म्हणून विचारले तर तुम्ही जा सांगायला. तो रकाना मी अजून मोकळा ठेवला आहे.